तीन माणसांत चोवीस तास बसत नाहीत

पोलीस प्रशासन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ठाण्यात आठ तासांची ड्यूटी लागू केली. प्रत्येक पॉइंटला, म्हणजे पहाऱ्याच्या ठरलेल्या जागेला, तीन पाळ्यांसाठी तीन माणसे दिली. महिनाभरात पुन्हा बारा-बारा तास सुरू झाले. चुकते कुठे?

उत्तर : हिशेबात. एक पॉइंट वर्षभर अखंड चालवायला 8,760 तास लागतात. एक माणूस प्रत्यक्षात मिळतो किती? 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या, समजा 30 दिवस रजा, 8 दिवस आजारपण आणि 15 दिवस न्यायालय-प्रशिक्षण वजा केले की 260 दिवस उरतात, म्हणजे 2,080 तास. भागाकार येतो 4.2. चार्ज देण्याघेण्यासाठी दर पाळीला वीस मिनिटे धरा, दिवसाला एक तास वाढतो आणि आकडा 4.4 वर जातो. तीन माणसांवर चालणारा पॉइंट कुणाची तरी सुट्टी खाऊनच चालतो. रजेचे आकडे गेल्या वर्षीच्या हजेरीतून घ्या, मंजुरीच्या कागदावरून नको. माणसे कमीच असतील तर पॉइंट कमी करा. कोणता पॉइंट केवळ सवयीने चालू आहे, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकू द्या. उलट्या फिरवल्या तर झोपेची वेळ मागे खेचावी लागते आणि ते शरीराला जड जाते. दोन पाळ्यांत किमान 11 तास हवेत. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते साक्षीच्या तारखेकडे. रात्रपाळी उतरलेला माणूस सकाळी थेट न्यायालयात उभा राहतो. सलग 17 तास जागल्यावर प्रतिक्रिया इतकी मंदावते, की जणू रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल आहे. त्याच माणसाच्या हाती वाहन, शस्त्र आणि अटकेचा अधिकार असतो! समन्स नोंदवतानाच आदल्या रात्रीची ड्यूटी बदलायची, असा नियम करा.

प्रश्न : माझ्याविरुद्धची चौकशी आठ महिने रेंगाळली आहे. झोप उडाली आहे. प्रत्येक कृतीचा जाब द्यायचा असेल तर काम कोण करणार?

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे. पण तो जाब द्यावा लागल्याचा कमी आणि अंधारात ठेवल्याचा जास्त आहे. आरोप नेमका काय, चौकशी कोण करतो, पुढची तारीख कोणती, हे लेखी मागा. तो तुमचा हट्ट ठरत नाही. चौकशी अधिकाऱ्याने दर तीस दिवसांनी, प्रगती नसली तरी, तुम्हाला आणि तक्रारदारालाही कळवायला हवे. चौकशी तुमच्या रोजच्या वरिष्ठाकडे असू नये. त्याच्या स्वतःच्या देखरेखीचाही प्रश्न त्यात गुंतलेला असतो. निकालात ‘तक्रार सिद्ध झाली नाही’ आणि ‘घटना घडलीच नाही’ हे वेगळे लिहावे. दोन्ही ‘दप्तरी दाखल’ (म्हणजे फाइल बंद) झाले की निर्दोष माणसावरचा डाग पुसत नाही आणि दोषी माणूस त्याच्याआड लपतो.

तक्रारींची नुसती संख्या मोजून माणूस ‘समस्या’ ठरवणेही चूक. रात्री गर्दीच्या भागात गस्त घालणाऱ्याच्या नावावर जास्त तक्रारी येणारच. तुलना त्याच भागातल्या, त्याच पाळीतल्या सहकाऱ्यांशी व्हावी. तरीही आकडा वेगळा दिसला, तर आधी बोलणे, मग प्रशिक्षण किंवा पाळीत बदल, आणि गंभीर प्रकार असेल तर थेट चौकशी. नागरिकाला इजा झाली असेल, तर अधिकारी थकला होता हे कारण नोंदवावे. त्याने जबाबदारी मात्र मिटत नाही. उलट, ती ड्यूटी लावणाऱ्यापर्यंत पोहोचते, आणि पोहोचायलाच हवी.

प्रश्न : गोळीबारानंतर दुसऱ्याच दिवशी सगळ्या पथकाला एकत्र बसवून बोलते करणे सक्तीचे आहे. याचा उपयोग होतो का?

उत्तर : सक्ती काढून टाका. अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणाव टळत असल्याचा पुरावा संशोधनात मिळाला नाही. काहींचा त्रास वाढल्याचेही दिसले. पहिले काही दिवस विश्रांती, घरच्यांशी संपर्क आणि विश्वासातला एक सहकारी सोबत, एवढे पुरते. महिन्यानंतरही दुःस्वप्ने, दचकणे, ती जागा टाळणे चालू राहिले, तर आघातावरच्या उपचारात तयार असलेला मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

समुपदेशन आणि जबाब या दोन खोल्या वेगळ्या ठेवा. समुपदेशकाला सांगितलेले वरिष्ठांकडे जाते असा संशय आला, की कुणी तोंड उघडत नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो सुरुवातीलाच सांगावा. कुणी जीव देण्याचे बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. शस्त्र लगेच जमा करून घ्या, पण त्याची नोंद शिक्षेच्या रजिस्टरात नको. परत कधी आणि कोणाच्या तपासणीनंतर मिळेल, हे तेव्हाच सांगा. नाहीतर पुढचा माणूस शस्त्र जाईल या भीतीने गप्प बसेल.