वय झालेल्या फुटबॉल लेजंडने क्लब कधी सोडावा? तोत्तीचं चुकलं होतं का?

तुम्ही विचारलंय की इटलीचा फुटबॉलर फ्रांचेस्को तोत्ती चाळिशीपर्यंत रोमा या एकाच क्लबकडून खेळत राहिला ते बरोबर होतं का, आणि असा मोठा प्लेअर नेमका थांबणार कधी हे ठरवायचं कुणी. माझं मत आधीच सांगतो. चाळिशीपर्यंत खेळला यात काहीच चूक नाही. पण २०१६ च्या उन्हाळ्यात एक वर्षाच्या काँट्रॅक्टवर सही करताना त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं की हा माझा शेवटचा सीझन. ते त्याने ठामपणे सांगितलं नाही, चित्र शेवटपर्यंत धूसरच राहिलं, आणि पुढचं वर्षभर सगळ्यांनाच त्रास झाला.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे एकाच टीमसाठी आयुष्य घालवणं म्हणजे काय हे मला वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे पेठेतला पोरगा पेठेच्या तालमीकडूनच खेळतो, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिथे. तोत्तीही तसाच, रोममध्ये जन्मला, रोममध्ये वाढला, मार्च १९९३ मध्ये ब्रेशियाविरुद्ध सोळाव्या वर्षी पहिल्यांदा सीनियर टीमकडून उतरला आणि मग २५ सीझन दुसऱ्या कुठल्या क्लबची जर्सी घातलीच नाही. ७८६ मॅचेस, ३०७ गोल. इटलीची लीग मात्र एकदाच जिंकली, २००१ ला. दुसरीकडे गेला असता तर कपाट भरलं असतं हे त्यालाही माहीत होतं.

मी त्याला नीट बघायला लागलो २००६ च्या वर्ल्डकपपासून. फेब्रुवारीत पाय मोडला होता, प्लेट आणि स्क्रू घालून जर्मनीला गेला आणि जुलैत वर्ल्डकप घेऊन आला. पुढच्याच सीझनला लीगमध्ये २६ गोल मारून युरोपचा गोल्डन शू, म्हणजे युरोपातल्या लीगमधल्या टॉप स्कोररचा किताब, घेतला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे ती फार लागते, त्याला मागून पुढे आणून सेंटर फॉरवर्डच्या जागी खेळवणारा कोच होता लुचानो स्पालेत्ती. म्हणजे ज्या माणसाने त्याच्या करिअरला दुसरा जन्म दिला त्याच माणसाच्या हाताखाली पुढे त्याचा शेवट आला.

स्पालेत्ती जानेवारी २०१६ मध्ये रोमाला परत आला तेव्हा तोत्ती ३९ चा, मांडीच्या दुखापतीतून नुकताच उठलेला. खेळवत नव्हते. फेब्रुवारीत त्याने टीव्हीवर इंटरव्ह्यू दिला, मला जरा जास्त मान द्या म्हणाला, कोचशी माझं बोलणं म्हणजे नुसतं नमस्कार-चमत्कार एवढंच उरलंय असंही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पालेर्मोविरुद्ध मॅच होती आणि स्पालेत्तीने त्याला कॅम्पमधून घरी पाठवलं. कॅप्टनला! तोत्ती स्टँडमध्ये बसून मॅच बघत होता, लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि कोचच्या नावाला शिट्ट्या मारत होते आणि रोमा ५-० ने जिंकली. मला तेव्हा स्पालेत्तीचा प्रचंड राग आला होता. आज तेवढा येत नाही, का ते सांगतो.

एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्धची मॅच. रोमा १-२ ने मागे, ८६ व्या मिनिटाला तोत्ती आत आला, फ्री किक झाली आणि पहिल्याच टचला गोल, तीन मिनिटांनी पेनल्टी, तीही आत. ३-२. स्टेडियममध्ये मोठी माणसं रडत होती हो. त्याच्या तीन दिवस आधी आतालांताविरुद्धही त्यानेच शेवटी येऊन बरोबरी करून दिली होती. त्या महिन्याभरात असं वाटायला लागलं की हा माणूस म्हातारा झालेलाच नाही, आणि त्याच जोरावर जूनमध्ये काँट्रॅक्ट वाढलं.

खरी फसगत इथेच होते असं मला वाटतं. दमलेल्या डिफेन्ससमोर दहा-वीस मिनिटं ३९ वर्षांचा जीनियस काहीही करू शकतो, कारण नजर, पासिंग, फ्री किक, पेनल्टी हे वयाने जात नाही. जातो तो पहिल्या पाच पावलांचा वेग, आणि त्याहून जास्त म्हणजे एकदा जोरात पळाल्यावर पुन्हा तसंच पळायची ताकद, आणि रविवारी खेळून बुधवारी परत उभं राहणं. आजचं फुटबॉल बॉल गेल्यावर सगळ्यांनी मिळून पळायचं आहे, एकजण चालत राहिला तर बाकीच्या नऊ जणांना त्याचं काम करावं लागतं. फॅनला दिसतो तो गोल, आणि कोचला रोज ट्रेनिंगमध्ये दिसतात ते नऊ जण.

२०१६-१७ मध्ये तोत्ती लीगच्या १८ मॅचेसमध्ये दिसला, बहुतेक वेळा बेंचवरून. दोन गोल, दोन्ही पेनल्टी, आणि त्यातला दुसरा लीगमधला त्याचा २५० वा. त्याच वर्षी रोमाच्याच झेकोने लीगमध्ये २९ गोल मारले, सलाह उजवीकडून सुसाट पळत होता, आणि रोमाने ८७ पॉइंट केले जे क्लबच्या इतिहासात आधी कधीच झाले नव्हते. म्हणजे मैदानावर स्पालेत्ती बरोबर होता, हे तोत्तीवर जीव असणाऱ्या माझ्यासारख्याने मान्य केलंच पाहिजे.

पण मैदानाबाहेर? मे महिन्यात मिलानच्या मैदानावर, सान सिरोला, मिलानविरुद्ध मॅच होती. मिलानच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या फॅन्सनी तोत्तीच्या सन्मानाचा बॅनर लावलेला, सगळ्यांना माहीत की या मैदानावर हा माणूस परत येणार नाही, रोमा आरामात जिंकत होती, शेवटी ४-१ झालं. आणि स्पालेत्तीने तिसरा आणि शेवटचा सब, म्हणजे बदली प्लेअर, म्हणून दुसऱ्याच कुणाला तरी उतरवलं. पाच मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं सांगा. आता कोचच्या बाजूने बघाल तर त्याला एकीकडे दुसऱ्या नंबरची शर्यत होती आणि दुसरीकडे वर्षभर प्रत्येक प्रेस कॉन्फरन्सला तोत्ती, तोत्ती, तोत्ती. तो वैतागला होता. ऑगस्टमध्येच शेवटचा सीझन जाहीर झाला असता तर प्रत्येक गावात निरोपाची पाच मिनिटं आपोआप ठरली असती, कुणाला कुणावर मेहेरबानी करायची गरज पडली नसती. इथे तर शेवटचं वर्ष आहे हे लोकांना पक्कं कळलं ते मे महिन्यात, नवीन आलेल्या स्पोर्टिंग डायरेक्टर मोंचीच्या तोंडून. पंचवीस वर्षांचा हिशोब आणि तो सांगतोय कालच जॉइन झालेला माणूस!

हे मी जवळून बघितलंय म्हणून इतकं लागतं. आमच्या एका संघात एक सीनियर होते, आम्ही दादा म्हणायचो, मिडफिल्डला वीसेक वर्षं खेळले. वेग गेला होता हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं, पण बोलायचं कुणी म्हणून सगळे गप्प. एका स्पर्धेच्या आधी यादी लागली आणि त्यात त्यांचं नावच नाही. ते बूट घेऊन आले होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. नंतर ते मॅच बघायला यायचे पण समोरच्या गॅलरीत बसायचे, हाफटाइमला आमच्याकडे कधीच आले नाहीत.

बाकीच्यांचं बघा. मिलानच्या मालदीनीने २००८-०९ हा शेवटचा सीझन हे स्वतः ठरवून सांगितलं, चाळीस वर्षांचा होता. तरी सान सिरोवरच्या निरोपाला त्याच्याच टीमच्या काही अल्ट्रा, म्हणजे कट्टर, फॅन्सनी शिट्ट्या मारल्या, म्हणजे सगळं बरोबर केलं तरी गोड होईलच याची खात्री नाही, पण निर्णय कुणाचा होता यावर आजही कुणी बोट ठेवत नाही. इंटरच्या झानेत्तीची टाचेमागची शीर (अकिलिस टेंडन) ३९ व्या वर्षी तुटली, तो तिथेच थांबला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, पण त्याला दुखापतीवर शेवट नको होता, सहा-सात महिन्यांत परत आला आणि मे २०१४ मध्ये पायांवर उभा राहून निरोप घेतला. याउलट देल पिएरोचं, त्याचं शेवटचं वर्ष युव्हेंटसच्या अध्यक्षांनीच शेअरहोल्डर मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. आणि आपल्याला सचिनचं आठवतंच, ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने सांगितलं आणि नोव्हेंबरला वानखेडेवर शेवटची टेस्ट, निदान लोकांना तिकीट काढायला वेळ मिळाला.

तोत्तीचा शेवटचा दिवस २८ मे २०१७, जेनोआविरुद्ध. आपल्याकडे रात्री साडेनऊला मॅच सुरू झाली. मला वाटलं होतं निवांत निरोपाची मॅच असेल, पण नापोली एका पॉइंटच्या अंतरावर, त्यामुळे दुसरा नंबर आणि चॅम्पियन्स लीगची थेट एंट्री पणाला. तिसऱ्याच मिनिटाला जेनोआने गोल केला, आणि केला कुणी तर पिएत्रो पेलेग्रीने, वय वर्षं १६. तोत्ती आला तेव्हाचं वय! ५४ व्या मिनिटाला सलाहच्या जागी तोत्ती आत आला. पेरोत्तीने अगदी शेवटी गोल केला तेव्हा कुठे ३-२ झालं.

मग तो मैदानाला चक्कर मारत फिरला, मुलंबाळं सोबत, ज्युनियर टीमच्या छोट्या कॅप्टनच्या हाताला आपला कॅप्टनचा आर्मबँड बांधला, आणि शेवटी माइक हातात घेऊन पत्र वाचलं. त्यात तो म्हणाला की मला भीती वाटतेय. पेनल्टीच्या वेळची भीती वेगळी, ही वेगळी, आता तुम्ही मला सांभाळा. मी रात्री बाराच्या पुढे लॅपटॉपसमोर बसून रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

आणि मला अजूनही वाटतं की ही भीती त्याने आदल्या ऑगस्टमध्ये बोलून दाखवायला हवी होती, निदान क्लबच्या एका तरी माणसाकडे. क्लबने नंतर त्याला डायरेक्टर केलं पण निर्णयात विचारलं जात नाही म्हणून जून २०१९ मध्ये तेही सोडलं. त्याच्या महिनाभर आधी डे रॉसीला काँट्रॅक्ट वाढवणार नाही असं सांगून मोकळे झाले होते, अजून एक रोमचाच पोरगा, अठरा वर्षं खेळलेला. म्हणजे दोन वर्षांत क्लब काहीच शिकला नव्हता.