लहान गिटारच्या पट्ट्या: उंची राखा, रुंदी उतरवा

प्रश्न: मी टूलरूममध्ये नोकरी करतो आणि फावल्या वेळात लाकूडकाम करतो. मुलीसाठी लहान अंगाची, पोलादी तारांची गिटार करण्याचा विचार आहे. ड्रेडनॉट या मोठ्या अंगाच्या गिटारचा आराखडा माझ्याकडे आहे. त्यातील सर्व मापे, वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांसह, नऊ-दशांश केली तर चालेल का? आवाज पोकळ येऊ नये म्हणून काय करावे? वरच्या फळीला स्प्रूसऐवजी (हे सूचीपर्णी झाडाचे हलके लाकूड) सागवान वापरता येईल का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर: बाहेरचा आकार नऊ-दशांश करण्यास हरकत नाही, तारेची लांबी आणि पट्ट्या मात्र त्या हिशेबात बसत नाहीत. तारेची लांबी ६४५ मिलिमीटरवरून ५८० केलीत तर त्याच तारांचा त्याच सुरातला ताण जवळपास १९ टक्क्यांनी उतरेल आणि तारा हाताला ढिल्या लागतील. लहान अंगाच्या अनेक गिटारांत ती ६३२ च्या आसपास ठेवतात. म्हणजे अंग लहान झाले तरी सहा तारांची ओढ सुमारे ७० किलोच राहते, आणि ब्रिज (फळीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) पुढे झुकवू पाहणारी ही ओढ पट्ट्यांनाच पेलावी लागते.

पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या सम प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. आराखड्यातील मुख्य पट्टी ८ मिलिमीटर रुंद आणि १६ उंच आहे असे धरू. दोन्ही मापे नऊ-दशांश केल्यास ती ७.२ बाय १४.४ होते आणि ताठरपणा मूळच्या ६६ टक्के उरतो. त्याऐवजी रुंदी ६.५ करून उंची १६ च ठेवली, तर लाकूड जवळजवळ तेवढेच लागते, पण ताठरपणा ८१ टक्के राहतो. म्हणून रंधा आधी पट्टीच्या कुशीवर चालवावा, माथ्यावर नव्हे. लहान फळी मुळातच अधिक ताठ असल्यामुळे इतका ताठरपणा सगळीकडे लागत नाही. जादा भाग पट्ट्यांच्या टोकांकडे निमुळता तासून काढावा. जिथे दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात तिथे उंची कमी करू नये, आणि तिथल्या खाचेच्या उघड्या बाजूवर लाकडाची पातळ चकती डकवावी. ही फुलीची रचना मार्टिन कंपनीच्या गिटारांत १८४० च्या दशकात, म्हणजे आतड्याच्या तारांच्या काळात आली. पोलादी तारा सर्रास झाल्या त्या १९२० च्या दशकात. त्यामुळे नुसती फुली जोडली की ओढ पेलली गेली, असे गृहीत धरू नये.

आता नाशिकच्या हवेबद्दल, कारण आराखड्यात ते लिहिलेले नसते आणि माझ्या मते घरगुती गिटार बिघडते ती बहुधा इथेच. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेच्या आडवे फुगते आणि आकसते, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. पट्ट्या फळीच्या रेषेला आडव्या-तिरक्या जात असल्याने त्या तिला मोकळेपणी हलू देत नाहीत. जुलैच्या दमट हवेत चिकटवलेली फळी एप्रिलच्या कोरड्या दुपारी आकसू पाहते, पट्ट्या तिला धरून ठेवतात आणि ती रेषेवर तडकते. उलट मे महिन्यात चिकटवलेली पावसाळ्यात फुगून वर येते, तारा उंच होतात. तो त्रास निदान निस्तरता येतो. म्हणून फळी आणि पट्ट्या आर्द्रतामापक असलेल्या खोलीत काही आठवडे ठेवून, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावल्यावरच सरस लावावा. आपल्याकडे हिवाळा त्यासाठी बरा. घाई असेल तर पावसाळ्यात साचे आणि गळ्याचे काम उरकून घ्यावे.

पोकळ आवाजाचा संबंध पोटातल्या हवेशी आहे. ड्रेडनॉटमधली हवा सुमारे १०० हर्ट्झला घुमते, लहान पोटातली त्याहून वर. सर्वात जाड तार मात्र ८२ हर्ट्झची. मधले भोक १०२ ऐवजी ९२ ते ९५ मिलिमीटर केल्यास हवेचा सूर थोडा खाली येतो. ड्रेडनॉटचा खर्ज तरीही मिळणार नाही, आणि तो मिळवण्यासाठी पट्ट्या तासत सुटणे हा फळी गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

फळीला सागवान नको. त्याचा ताठरपणा स्प्रूसच्या जवळपास असला तरी वजन सुमारे दीडपट, आणि तारेच्या तुटपुंज्या शक्तीला ते हलवणे जड जाते. पाठ आणि कुशी शिसवीच्या खुशाल कराव्यात. तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये त्या चक्क कागदी लगद्याच्या केल्या होत्या. खर्च करायचा तो उभ्या, सरळ रेषेच्या स्प्रूसवर करा, आणि पट्ट्यांचे लाकूड करवतीने न कापता रेषेवर फोडून घ्या.