सिटअप्स रोज शंभर, तरी कंबर का दुखते?

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असून उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. रेशीमबागेत त्याचा सराव चालतो. तीन आठवड्यांपासून त्याची कंबर डाव्या बाजूला दुखते आहे. कंबर मजबूत व्हावी म्हणून तो सकाळी उठल्याबरोबर शंभर सिटअप्स काढतो. त्या वाढवाव्यात का? सीताबर्डीहून कमरेचा पट्टा आणावा का?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी गोलंदाजी थांबवा आणि मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला चेंडू टाकण्याच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर कमरेच्या मणक्याच्या मागील भागात ताणामुळे बारीक भेग पडत असण्याची शंका घ्यावीच लागते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही; एमआरआय लागू शकतो. व्यायामाने ही तपासणी टळत नाही, हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे.

सिटअप्स मात्र आजच बंद करा. रात्रभराच्या झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात कंबर वारंवार पुढे वाकवणे त्यांना सर्वाधिक जाचते. शिवाय गोलंदाजाच्या धडाचे खरे काम वाकण्याचे नसून, पुढचा पाय जोरात आपटतो त्या क्षणी कंबर नको तितकी वाकू किंवा पिळू न देण्याचे आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले, की निरोगी माणसाने हात हलवण्याआधीच त्याच्या पोटाचा सर्वांत आतला स्नायू आवळला जातो, तर कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळला जातो. म्हणजे निव्वळ ताकदीपेक्षा वेळेवर आवळणे आणि टिकून राहणे महत्त्वाचे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कॅनडातील पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन व्यायाम शिकवावेत : उताणे झोपून, कमरेखाली तळवे ठेवून डोके-खांदे जेमतेम उचलणे, साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपर आणि पावलांच्या आधारे शरीर सरळ उचलून धरणे) आणि बर्ड डॉग. प्रत्येक स्थिती सुमारे दहा सेकंद धरावी, सोडावी, पुन्हा धरावी. मिनिटभर थरथरत राहण्यात फायदा नाही. बर्ड डॉग करताना, म्हणजे हातागुडघ्यांवर ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांबवताना, त्याच्या कमरेवर अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवून पाहा. पाय मागे जाताच पेला कलंडला, तर कंबर पिळते आहे असे समजावे आणि पाय कमी उंच न्यावा. साइड प्लँक सुरुवातीला गुडघे टेकवून चालेल, पण दोन्ही बाजूंनी करावा, कारण गोलंदाजाच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात.

पट्टा आणू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात व्यायामाला योग्य माहितीची जोड दिल्यास कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला, पट्ट्याने मात्र तो घटल्याचे आढळले नाही. हे निष्कर्ष खेळाडूंपुरते नव्हते, तरी पट्ट्यावर पैसे घालू नयेत एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

धड कितीही तयार असले, तरी भार अचानक वाढला की हाड थकते. उन्हाळी शिबिरात हेच होते : परीक्षा संपते आणि महिनाभर चेंडू न टाकलेला मुलगा दुसऱ्याच दिवसापासून दोन्ही वेळ नेटमध्ये गोलंदाजी करू लागतो. सामन्यातील षटके सगळे मोजतात, नेटमधील चेंडू कोणीच मोजत नाही. गेल्या दोन महिन्यांत त्याने अंदाजे किती चेंडू टाकले हे त्याच्याकडूनच एका वहीत लिहवून घ्या आणि ती वही डॉक्टरांकडे सोबत न्या.