आठवड्याचे दहा तास

"ताई, आठवड्याला दीडशे डॉलर कमावणाऱ्या बाईला इथे कसली आलीय पेन्शन?"

न्यू जर्सीत मुलांकडे कायमचं राहायला आलेल्या आपल्या ज्येष्ठांना मी सरकारी कागदपत्रांत मदत करते. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. या काकू गेल्या वर्षी, २०२५च्या जानेवारीत माझ्याकडे आल्या तेव्हा साठ वर्षांच्या होत्या. गावी तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. ग्रीन कार्डावर इथे आल्यावर दोन वर्षं एका दुकानात रीतसर पगारावर होत्या, नंतर दुसऱ्या दुकानात लागल्या. कापडी पिशवीतून त्यांनी एक खाकी पाकीट काढलं. त्यावर पेनानं फक्त "१५५" लिहिलेलं. आठवड्याचा पगार, रोख.

ते पाकीट बघून मला खरंच वाईट वाटलं. पैसे कमी होते म्हणून नाही, तर त्यातला एक डॉलरही त्यांच्या नावावर चढत नव्हता म्हणून.

सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी योजनेच्या पेन्शनला ४० क्रेडिटं लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. क्रेडिट तासांवर मिळत नाही, कमाईवर मिळतं. २०२५मध्ये १,८१० डॉलरला एक, म्हणजे चारांना ७,२४०. मी कागदावर मांडून दाखवलं: आठवड्याला दहा तास, १५५ डॉलर, ४७ आठवडे. ७,२८५ झाले. पाच आठवडे गावी जाऊन आलात तरी चारही पदरात. मात्र पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कर कापला गेला पाहिजे.

"म्हणजे हातात कमी येणार."

"आठवड्याला बारा डॉलर कमी, काकू."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि माझी तिकडची तीस वर्षं?"

ती इथे धरत नाहीत. भारत आणि अमेरिकेत तसा करारच नाही. हे सांगताना मला दर वेळी जड जातं, कारण समोरच्या माणसाचं अख्खं आयुष्य त्या नोकरीत गेलेलं असतं. एक दिलासा मात्र होता. परदेशी पेन्शन असली की इथली कापायचा जो नियम होता, तो त्याच जानेवारीत कायद्यानं रद्द झाला होता.

मुलानं सुचवलं होतं, "आई, तू नातवाला सांभाळतेसच, मीच पगार दाखवतो." मी नको म्हटलं. मुलाच्या घरात मुलं सांभाळण्याची आईची कमाई, काही मोजके अपवाद सोडले तर, यात धरलीच जात नाही.

पेन्शन किती मिळेल, हेही लपवलं नाही. हिशेब ३५ वर्षांच्या कमाईवर होतो, त्यामुळे दहा वर्षांच्या अशा पगारावर महिन्याला दोनशे डॉलरच्या आतबाहेरच. पण खरी गोष्ट मेडिकेअरची आहे. ४० क्रेडिटं असली की पासष्टीनंतर हॉस्पिटलचा भाग, पार्ट ए, बिनहप्त्याचा मिळतो. नसली तर २०२५च्या दरानं माणशी महिन्याला ५१८ डॉलर. ३० झाली असतील तर २८५. शिवाय काकूंच्या क्रेडिटांवर काकांनाही तो मिळेल. काकांचे गुडघे गेलेत, त्यांना नोकरी जमत नाही. हे ऐकल्यावर काकूंनी ते पाकीट घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवलं.

दुकानदार रीतसर पगाराला तयार झाला नाही. त्याच महिनाअखेरीस काकू एका पाळणाघरात लागल्या, तेवढेच तास, तेवढाच पगार, पण दर वेळी पावती. पहिल्या दुकानातल्या दोन वर्षांची जुनी ८ क्रेडिटं शाबूत होतीच. मधे खंड पडला म्हणून ती जात नाहीत.

या जानेवारीत त्या डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा दाखला, घेऊन आल्या. आकडा ७,२४०च्या वर होता. म्हणजे १२ झाली, २८ राहिली. यंदा चार क्रेडिटांना ७,५६० लागतात, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी पाळणाघरात आठवड्याला अकरा तास मागून घेतले होते.