‘सावत्र’मधली सवत

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या संमेलनासाठी त्या सावत्र मुलीच्या गोष्टीवर नाटुकलं बसवताहेत. तालमीत मुलांनी विचारलं, की दोघींतली ‘सावत्र’ कोणती, छळ सोसणारी की छळणारीच्या पोटची? बाईंना पुढे असंही विचारायचंय की ‘सावत्र’ आणि ‘सापत्न’ एकच का. त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणे, की सापत्न म्हणजे स-अपत्य, मूल सोबत घेऊन आलेली.

आधी हे स-अपत्य निकालात काढतो, कारण आता ते कानाला सोसवत नाही. सभेत, निवेदनात, मोर्च्याच्या फलकावर ‘मराठवाड्याला सापत्य वागणूक’ असं धडधडीत लिहिलेलं मी पाहिलंय. अपत्याचा इथे काडीचा संबंध नाही. शब्द ‘सापत्न’, त्यात ‘न’ आहे, आणि तो ‘सपत्नी’वरून आलाय. सपत्नी म्हणजे सवत. सवतीकडून जे नातं लागतं ते सापत्न. सवतीचं मूल सापत्न, त्या मुलाला बापाची दुसरी बायको सापत्न.

सपत्नीची फोडही लोक चुकीची करतात. स अधिक पत्नी, म्हणजे जोडीची बायको, असं नाही. ‘समान आहे पती जिचा, ती सपत्नी.’ नवरा एक, म्हणून या दोघी एकमेकींच्या कुणीतरी. पाणिनीने ‘नित्यं सपत्न्यादिषु’ असं वेगळं सूत्रच दिलंय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 145वं सूक्त सवतीला हटवण्यासाठी औषधी खणून काढणाऱ्या बाईचं आहे. म्हणजे शब्दही जुना आणि दुखणंही जुनं.

आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते सांगतो. संस्कृतात ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द आहे, अर्थ शत्रू. पुरुषाला सवत कुठून असणार? सपत्नी हा शब्द आधी झाला आणि त्यावरून मागे जाऊन सपत्न घडवला गेला. राजाराजांतल्या वैराला नाव हवं होतं, ते बायकांच्या चुलीपाशी मिळालं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘अवाप्य भूमावसपत्नमृद्धं राज्यं’. ते असपत्न राज्य म्हणजे निष्कंटक राज्य, असं आपण शाळेत शिकतो. पण शब्दाच्या पोटात शिरा, की ते बिनसवतीचं राज्य निघतं. पाठांतराच्या वर्गात हे एकदा जरी सांगितलं, तरी पोरं तो श्लोक जन्मात विसरणार नाहीत.

मराठीकडे येऊ. दीपकचा दिवा झाला, कपाटचं कवाड झालं, सपादचा सव्वा झाला. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं हा रोजचा व्यवहार. ‘त्न’चा प्राकृतात ‘त्त’ होतो. सपत्नी, सवत्ती, सवत. त्याच वाटेने सापत्नचं सावत्त. इथवर कुणाचं भांडण नाही. पण मग ‘सावत्र’मधला ‘र’ कुठून आला? हिंदीत सौत आणि सौतेली, गुजरातीत सावकी, ‘र’ कुठेच नाही. आपले जुने कोश सावत्रपुढे कंसात सापत्न लिहितात आणि मोकळे होतात. व्युत्पत्ती द्यायची तर अक्षरन्‌अक्षर फेडून द्यावी.

माझ्याशी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद घालणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या मते हा ‘त्र’ पुत्रातला, सपत्नीपुत्राचा सावत्र. मला हे मुळीच मान्य नाही. तसं असतं तर शब्द आधी मुलाला चिकटला असता. ‘सावत्र आई’ हा प्रयोग मग कसा लावायचा? आई काय पुत्र आहे? माझं म्हणणं असं: प्राकृतातल्या पुत्तचं शुद्ध रूप पुत्र, हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी सावत्तही त्याच मापाने शुद्ध केला आणि सावत्र लिहिला. नसलेला ‘र’ घालून शब्द भारदस्त करायची खोड आपल्याकडे जुनीच आहे. शापचा श्राप असाच झाला. सहस्रचं ‘सहस्त्र’ करताना नसलेला ‘त’ असाच घुसवतात. आमच्याकडे खेड्यात ‘सावतर’ म्हणतात, तो या ‘सावत्र’चाच पुढचा उच्चार, मंत्रचा मंतर तसा. त्याला अशुद्ध म्हणून हसणाऱ्यांनी आधी आपल्या ‘त्र’चा हिशोब द्यावा.

आता गोष्ट. इंग्रजीत सावत्र आईला ‘स्टेपमदर’ म्हणतात. त्या ‘स्टेप’चा पायरीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे पोरकं मूल. मुळात अर्थ हिरावलं जाण्याचा. तिथे शब्द लेकराकडे बघतो, आई गेली, लेकरू उघडं पडलं. आपला शब्द बाईकडे बघतो, तुझ्या आधी इथे दुसरी होती. सिंड्रेलाच्या गोष्टीत आणि आपल्या गोष्टीत छळ तोच, कोंड्याची भाकर तीच, पण नात्याचं नाव निराळ्या जागेवरून ठेवलंय.

आणि गोष्टीत बहुधा पहिली बायको मेलेली असते. मग घरात सवत कुठे आहे? मेलेलीच सवत. नव्या बाईचं वैर एका गेलेल्या बाईशी आहे, आणि ती गेलेली बाई लेकीच्या तोंडावळ्यात रोज चुलीपुढे येऊन बसते. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या या गोष्टींत मेलेली आई झाड होऊन किंवा गाय होऊन परत येते, ते शब्दामुळे येते. ‘सावत्र’ म्हटलं की तिसरी बाई आलीच. ती कुठेतरी उभी असल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ध्रुवाची गोष्ट ताडून बघा. तिथे सुनीती जिवंत आहे, सुरुची तिची हयात सवत आहे. आई झाड व्हायची गरजच नाही. पोर उठतं आणि थेट देवाकडे जातं. लोककथांचे अभ्यासक झाडाला वृक्षपूजेचा अवशेष म्हणतात. असेलही, पण आधी शब्द उलगडावा, मग पूजेकडे वळावं.

हे मी पुस्तकातून काढलेलं नाही. गंगाखेडजवळच्या आमच्या गावी आजी ही गोष्ट सांगायची. आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली अहेव गेलेली. (अहेव म्हणजे अविधवा, शब्दही तिथूनच झिजून आला.) आजीच्या गळ्यात काळ्या पोतीत मण्यांच्या मधोमध चांदीचा छोटा टाक होता, बोटाच्या पेराएवढा. त्यावर बाईची आकृती, घासून घासून नाक-डोळे गेलेले. तो सवतीचा टाक, गेलेल्या पहिलीची प्रतिमा. सणाला तो काढून ताम्हनात धुवायची, हळदीकुंकू लावायची, पुरणाचा पहिला घास त्याच्यापुढे ठेवायची आणि मग आमची पानं वाढायची. पहिलीची लेक म्हणजे आमची थोरली आत्या. ती आजीला ‘माय’ म्हणायची.

आजीच्या गोष्टीत सावतर माय पोरीला फुटकी घागर देऊन नदीवर धाडते. वाटेत बोर म्हणते, पोरी, माझ्या आळ्यात पाणी घाल. गाय म्हणते, माझ्याखालचं शेण वढ. म्हातारी म्हणते, माझ्या डोक्यातल्या उवा काढ. पोरगी सगळं करते. म्हातारी दोन पेटारे पुढं ठेवते, पोरगी लहान उचलते, त्यात सोनं निघतं. मग पोटची लेक जाते, झाडाला नाही म्हणते, गाईला नाही म्हणते, मोठा पेटारा आणते आणि त्यातून साप-विंचू निघतात. दयाळू आणि आडमुठ्या पोरीची ही गोष्ट बंगालात सुखू-दुखूची म्हणून सांगतात. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या 1812च्या संग्रहातही ती आहे, तिथे बोरीच्या जागी सफरचंदाचं झाड आणि गाईच्या जागी भट्टीतले पाव. पण आजी एक वाक्य जास्तीचं सांगायची. पोरगी बोरीला पाणी घालते तेव्हा बोर विचारते, ‘जेवलीस का गं?’ आजी हे विचारताना आवाज बारीक करायची आणि हात पोतीतल्या टाकावर जायचा. कितीही वेळा ऐकलं तरी आत्या त्या जागी मान खाली घालायची. ती बोर कोण, हे आम्हा पोरांना कुणी सांगावं लागलं नाही.

बाईंच्या प्रश्नाकडे येतो. दोघी मुलींपैकी सावत्र कोणती? कुणाच्या तोंडून बोलता त्यावर आहे. सावत्र हे नात्याचं विशेषण, ते दोन्ही टोकांना लागतं. आईच्या तोंडी छळ सोसणारी ‘सवतीची लेक’, लेकीच्या तोंडी आई ‘सावत्र’, आणि दोघी मुली एकमेकींच्या सावत्र बहिणी. बाप तेवढा दोघींचा सख्खा, म्हणून गोष्टीत त्याला सहसा तोंडच नसतं. ‘सावत्र’ हे विशेषण एकट्या वाईट बाईचं नाव म्हणून वापरू नका, नाटुकल्याच्या पात्रयादीत तर नकोच. ‘सावत्रपणाची वागणूक’ आणि ‘सापत्न वागणूक’ दोन्ही बरोबर, पहिलं बोलण्यातलं, दुसरं अग्रलेखातलं. मराठवाड्याच्या बाबतीत तर शब्द नेमका बसतो. आपण 1948 पर्यंत निजामाच्या घरात आणि 1956 साली मुंबई राज्यात आलो, आई वेगळी होतीच. फक्त ‘सापत्य’ लिहू नका.

आणि संवाद लिहिताना मुलांच्या तोंडी ‘सावत्र आई’ घालू नका. लातूरची पोरं घरी ‘सावतर माय’ ऐकतात, तसंच त्यांना म्हणू द्या. बोरीचं काम करायला एखादी मुलगी ठेवा, आणि तिला ते एक वाक्य द्या.