बारावीच्या वर्षात तबला बंद करायचा का?

"मॅडम, बारावी सायन्सचं वर्ष आहे. छंद-बिंद वर्षभर बंद ठेवले तर काय बिघडेल?"

जून उजाडला की हा प्रश्न सुरू होतो आणि पहिल्या सत्राचे गुण हातात आले की त्याला धार येते. आईवडील धुळ्याचे असोत, शिरपूरचे असोत की शहाद्याचे, काळजी तीच. कुणाचा मुलगा तबल्यात रमलेला, कुणाची मुलगी चित्रांत, कुणाच्या गच्चीवर कबुतरं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: काहीही बंद करण्याआधी आठवडाभर मुलाचा दिवस नीट बघा. वेळ खाणारी गोष्ट बऱ्याचदा वेगळीच निघते.

एका मुलाची हकिगत सांगते. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातलं कापूस पिकवणारं घर. मुलगा बारावीला, नीटची तयारी चाललेली, त्यासाठी रोज एसटीने अमळनेरला क्लास. लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात तबल्याला. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रात्री गाणी रंगायची ती याच्याच साथीवर. घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा. भर पावसात सापडलेलं ते पिल्लू यानेच घरी आणलं होतं, आणि त्याला वेळच्या वेळी रेबीजची लस टोचून आणणंही याच्याकडेच. क्लासच्या परीक्षेत फिजिक्सचे गुण घसरले, तसा वडिलांनी निर्णय घेतला. तबला-डग्गा चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले आणि मोत्या मामाच्या मळ्यात. पुढच्या दोन महिन्यांत सराव परीक्षेतले ७२० पैकी ३९० गुण ३४० वर आले. मुलगा जेवतानाही बोलेना. तेव्हा ते माझ्याकडे आले.

"मन्हा पोऱ्या पहिले असा नव्हता. आते बोलसच नही," वडील म्हणाले. मी तबल्याचा विषय काढला तसे जरा ताठ झाले. "तबला वाजाडीसनी पोट भरस का, मॅडम?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पावसाचा भरवसा नाही, कापसाच्या भावाचा नाही. क्लासची फी उसनवारी करून भरलेली. पोरगं शेतीतून बाहेर पडावं यासाठी त्या माणसाला एकच वाट दिसत होती, आणि त्या वाटेवर जे जे आडवं येईल ते तो बाजूला करत होता. त्याच्या काळजीत खोट नव्हती. मोत्या आणि तबला खरंच आडवे येत होते का, एवढंच कुणी तपासलं नव्हतं.

मुलाशी एकट्याने बोलायला बसले. बराच वेळ "हो", "नाही", "ठीक" याच्या पुढे काही नाही. पण उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती, अगदी हलकी. मी विचारलं, "केरवा का?" त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "नाही, भजनी. मात्रा दोन्हीला आठच, पण वजन वेगळं पडतं." मग त्याने दोन्ही ठेके टेबलावर वाजवून दाखवले आणि बोलायला लागला.

आधीचा दिवस असा होता: क्लासहून घरी आल्यावर चहा, मग मोत्याला घेऊन शेताच्या बांधापर्यंत चक्कर, परत आल्यावर अभ्यास, जेवण, पुन्हा अभ्यास, झोपण्याआधी अर्धा तास तबला. आताचा दिवस: घरी आल्यावर खोलीत. "लेक्चर बघतो" म्हणून मोबाईल हातात. लेक्चर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मग रील्स. रात्री एकपर्यंत दिवा चालू, आणि दिवा चालू म्हणून घरचे समाधानी.

मी त्याला शंभरपानी वही दिली. आठवडाभर काहीही बदलायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त तासातासाला काय केलं ते खरं लिहायचं. घरचं कुणी ती वही उघडणार नाही, हे वडिलांकडून त्याच्यासमोर कबूल करून घेतलं. हे कबूल करून घेतल्याशिवाय अशा वहीला अर्थ नसतो. मुलं आईवडिलांना दाखवायचा दिवस लिहितात.

वहीत निघालं ते असं. मोबाईल रोज तीन तासांच्या वर, त्यातला बराचसा अंथरुणात. झोप पाच-साडेपाच तास. टेबलावरचा अभ्यास चार तास, पण तो बहुतेक तेच धडे पुन्हा पुन्हा वाचण्याचा आणि हायलायटरने रंगवण्याचा. छंद चालू असताना तबला आणि मोत्या मिळून सव्वा तास घेत होते. तो सव्वा तास काढून घेतला, पण पुस्तकांकडे गेला नाही, मोबाईलकडे गेला.

झोपेबद्दल मी आईवडिलांशी नेहमी जरा जास्तच बोलते. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, ही अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केलेली शिफारस आहे. दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं मोठं काम झोपेत होतं. पाच तास झोपलेला मुलगा सकाळी क्लासला हजर असतो, पण आदल्या दिवशीचं त्याला पूर्ण आठवत नाही, आणि घरी मात्र "लक्ष नाही याचं" असं ऐकून घेतो.

वाचनाचंही तसंच. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला, दुसऱ्या गटाला तो मिटून आठवेल तेवढा लिहायला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे निघाले. आमच्या मुलाने हेच सुरू केलं. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, रफ वहीत आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय सुटलं ते बघायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पहिल्या आठवड्यात तो वैतागला, कारण रंगवलेलं पान बघून येतं असं वाटायचं आणि मिटल्यावर येत नव्हतं.

फिजिक्सची भीती जाण्यासाठी मात्र मी तबल्याकडूनच गेले. त्याला विचारलं, ढोलाला ठरावीक सूर नसतो, तबल्याला कसा असतो? तो लगेच म्हणाला, "शाईमुळे." म्हणजे तबल्याच्या पुडीवरच्या, वरच्या चामड्यावरच्या, काळ्या गोलामुळे. का, ते माहीत नव्हतं. तारेतून निघणारे वरचे स्वर मूळ कंपनसंख्येच्या पूर्ण पटीत असतात, म्हणून तारेचा सूर स्पष्ट लागतो. साध्या ताणलेल्या चामड्याचे तसे नसतात. पुडीच्या मधोमध शाईचं वजन पडलं की चामड्याचे वरचे स्वरही जवळजवळ पूर्ण पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी मृदंग-तबल्याबद्दल हे दाखवून दिलं आणि १९२० साली 'नेचर'मध्ये छापलं. आणि पेटीच्या सुराला तबला मिळवताना हातोडीने गट्टे ठोकत ठोकत हा जी थरथर ऐकायचा, जी हळू होत होत नाहीशी झाली की तबला लागला असं समजायचा, ते त्याच्या पुस्तकातले बीट्स. एक सूर २५६ आणि दुसरा २६० हर्ट्झचा असला की सेकंदाला चार. ते ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे हे मला येतं." सुपरपोझिशनचा, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळण्याचा, धडा त्याने त्याच आठवड्यात संपवला.

हे वाचून कुणी मुलाच्या प्रत्येक छंदात सिलॅबस शोधू नये, ही कळकळीची विनंती. मोत्यामुळे बायोलॉजीचा एकही गुण वाढत नव्हता आणि वाढायची गरजही नव्हती. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास छापला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळल्यावर विद्यार्थ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. गुण वाढतात असं तो अभ्यास म्हणत नाही, मीही म्हणत नाही. सहा-सात तास बाकावर बसून आलेल्या पोराला बांधापर्यंत चालायला लावणारं कुणीतरी घरात होतं, एवढं मला पुरेसं आहे.

घरच्यांसोबत बसून ठरवलं ते साधं होतं. मोत्या परत येईल, संध्याकाळची चक्कर परत सुरू होईल. तबला रात्री अर्धा तास. दहा वाजता मोबाईल आईकडे, आणि वडिलांचाही तिथेच. सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला साथीला जायचं नाही, परीक्षा होईपर्यंत. हे मुलानेच सुचवलं. मी एकच गोष्ट लावून धरली: "आधी गुण आण, मग तबला" हा सौदा करायचा नाही. मुलाचा कुत्रा बक्षीस म्हणून ओलीस ठेवला की घरात अभ्यासाचा नव्हे, रागाचा हिशोब सुरू होतो.

छंद कमी करावा लागतो अशीही मुलं येतात. एका मुलीचं गाणं सुरेख होतं, पण दिवस जात होता तो व्हिडिओ काढण्यात, कापण्यात आणि किती जणांनी पाहिलं हे बघण्यात. तिथे आम्ही रियाज ठेवला आणि व्हिडिओ परीक्षेपर्यंत थांबवले. तिला त्याचा त्रास झाला, पण झोप परत आली. छंदानंतर मूल ताजं होऊन उठतं की आणखी गुरफटतं, ठरल्या वेळी थांबू शकतं का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

मुलाने आवडता छंद आपणहून सोडला तर मात्र "शहाणा झाला" म्हणून निश्चिंत होऊ नका. ज्यात जीव रमायचा त्यातच मन लागेना, झोप-भूक बिघडली, माणसं टाळायला लागला, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा एकदा जरी आली तरी दोन आठवडे थांबू नका. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र असते, मराठीतही बोलता येतं.

हा मुलगा बारावी चांगल्या गुणांनी पास झाला. नीटला एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत. सीईटीवर कृषी पदवीला प्रवेश मिळाला. निकालानंतर वडील भेटायला आले आणि त्यांनी सरळ विचारलं, तबला बंदच ठेवला असता तर नंबर लागला असता का? मी त्यांना गुणपत्रिका ओळीने लावून दाखवल्या. तबला माळ्यावर असतानाचे दोन महिने त्यात सर्वांत खाली होते. नंतर गुण ४६० पर्यंत चढले. वर्षाच्या सुरुवातीपासून झोप आणि अभ्यासाची पद्धत नीट असती तर अजून चढले असते, पण एमबीबीएस झालंच असतं असं मी सांगू शकत नाही, असं त्यांना म्हटलं. त्यांनी सगळे कागद घडी करून खिशात ठेवले आणि धाकट्या मुलीच्या दहावीसाठी वेळ मागून घेतली.