कॅलिफोर्नियात 65 वर्षांवरच्यांना मासेमारीच्या लायसनमध्ये सवलत का नाही?

तुम्ही लिहिलंय की बाबा 67 वर्षांचे आहेत, मालवणहून ग्रीन कार्डवर तुमच्याकडे आलेत, जन्मभर खाडीत गरवायला गेलेत, आणि इथे साधा गळ टाकायचा तर वर्षाला साठ-बासष्ट डॉलर भरावे लागतात. ज्येष्ठांना सूट आहे का, आणि ही फी दरवर्षी का वाढते, असा तुमचा प्रश्न आहे. मी बे एरियातच (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात) राहतो, रिटायर झालोय, आणि माझ्या बरोबरीच्या माणसांना या फीपायी मासेमारी सोडताना बघतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निव्वळ वयावर मिळणारी सूट कॅलिफोर्नियात नाही. 65 च्या पुढच्यांसाठी कमी फीचं एक लायसन आहे, दहाएक डॉलरचं, पण ते एसएसआय किंवा सीएपीआय ही सरकारी मदत घेणाऱ्या गरीब ज्येष्ठांनाच मिळतं. सोशल सिक्युरिटीची पेन्शन (इथे नोकरी करताना भरलेल्या करातून मिळणारी) आणि एसएसआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्शनचं पत्र घेऊन गेलेल्या माणसाला परत पाठवतात. नुकत्याच ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना एसएसआय सहसा मिळतही नाही, आणि त्यात तुमच्या स्पॉन्सरशिपचा, म्हणजे बाबांचा खर्च उचलायच्या तुम्ही दिलेल्या हमीचा, प्रश्न येतो. लायसनसाठी त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच बघा. अर्ज करण्याआधीचे सलग सहा महिने बाबा कॅलिफोर्नियात राहिलेले असतील तरच ते इथले रहिवासी धरले जातात. नसतील तर बाहेरच्यांची फी लागते आणि ती वर्षाला 170 डॉलरच्या घरात आहे. सहा महिने व्हायचे असतील तर तोवर एक दिवसाचं लायसन घ्या, वीसेक डॉलरला मिळतं.

आता वाढीबद्दल. फी महागाईच्या निर्देशांकाला कायद्यानेच बांधलेली आहे, म्हणून ती दरवर्षी आपोआप सरकते. रहिवाशाचं वार्षिक लायसन 2022 मध्ये 54 डॉलर होतं, 2023 मध्ये 58.34, 2024 मध्ये 61.82 आणि 2025 मध्ये 62.78. म्हणजे तीन वर्षांत साधारण 16 टक्के. त्याच तीन वर्षांत सोशल सिक्युरिटीची वाढ 8.7, 3.2 आणि 2.5 टक्के झाली, एकत्र धरली तर 15 टक्के. तेव्हा इथे आयुष्यभर नोकरी करून सोशल सिक्युरिटी घेणाऱ्याला 'फी पेन्शनच्या पुढे पळाली' असं फारसं म्हणता येत नाही. त्याची तक्रार वेगळी असते. मुळातलीच रक्कम मोठी आहे, आणि कामाच्या वयात जी भरली तीच उतारवयात भरावी लागते.

खरा फटका बसतो तो तुमच्या बाबांसारख्यांना. बाबा तिकडे खासगी कंपनीत असतील तर ईपीएस-95 ची पेन्शन तुम्हाला माहीतच असेल: किमान रक्कम 2014 साली महिना 1000 रुपये ठरली, आणि ती महागाईशी बांधलेली नाही. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी हे लायसन 5300 रुपयांच्या पुढे जातं. किमान पेन्शनवाल्याची पाच महिन्यांची पेन्शन झाली ही. मग पैसे मुलाकडे मागायचे. साठ डॉलर मुलाला जड नसतात, पण मागणं बापाला जड जातं, आणि तो 'मला काही एवढी हौस नाही' म्हणून विषय मिटवतो. आमच्या भागातल्या देशी आजोबांमध्ये हे मी इतकं पाहिलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बाबा 'नको' म्हणाले तर ते लगेच खरं मानू नका.

एवढी फी घेतात तरी कशाला? राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याचा मोठा खर्च यातून निघतो: ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाची पिल्लं वाढवून तळ्यांत सोडणं, वॉर्डनचे पगार, पाण्याची पाहणी. वर केंद्राचे पैसे येतात. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, रॉड, रीळ यांवर उत्पादकाकडून कर घेतला जातो आणि तो राज्यांना वाटला जातो. वाटपाचा 40 टक्के भाग राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि 60 टक्के भाग पैसे भरून लायसन घेणाऱ्यांच्या संख्येवर. लायसनचे पैसे दुसऱ्या खात्याकडे वळवायला त्यात बंदी आहे, आणि हे मला मनापासून पटतं.

पण त्यातला 'पैसे भरून' हा भाग ज्येष्ठांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. फुकट लायसनवाला माणूस या मोजणीत धरला जात नाही. म्हणूनच कॅन्ससने 65 वर्षांवरच्यांची पूर्ण माफी 2013 पासून बंद केली आणि 65 ते 74 वयाच्यांना निम्मी फी लावली. तेव्हा म्हाताऱ्यांवर अन्याय म्हणून ओरड झाली, पण मला तो मधला मार्ग योग्य वाटतो. मिशिगनमध्ये 26 डॉलरचं लायसन ज्येष्ठांना 11 डॉलरला मिळतं. शेजारच्या नेवाडात 40 चं 15 ला. फ्लोरिडात 65 वर्षांवरच्या रहिवाशाला लायसन लागतच नाही. दुसरीकडे वॉशिंग्टन राज्याने 1 जुलै 2025 पासून फी सुमारे 38 टक्क्यांनी एकदम वाढवली. या सगळ्यांत कॅलिफोर्नियाचं धोरण मला सर्वांत उणं वाटतं. अगदी गरीब नसलेल्या पण हात आखडूनच खर्च करणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी इथे मधली पायरीच नाही. तो लायसन घेणं सोडतो तेव्हा त्याची फी बुडते आणि मोजणीतलं एक डोकंही कमी होतं. पंधरा-वीस डॉलरचं ज्येष्ठ लायसन ठेवलं तर दोन्ही हाती राहतील.

शिकारीचंही हेच आहे. तिथला कायदा 1937 चा, पिटमन-रॉबर्टसन; कर बंदुका, काडतुसं आणि धनुष्यबाणांवर. कॅलिफोर्नियात शिकारीच्या लायसनलाही वयाची सूट नाही, आणि हरणाचा टॅग, म्हणजे हरीण मारायचा परवाना, वेगळा विकत घ्यावा लागतो. आपल्यातलं कोणी त्या वाटेला फारसं जात नाही, म्हणून इथेच थांबतो.

आता बाबांच्या कामाचं. समुद्र किंवा खाडीतल्या सार्वजनिक पिअरवरून (पाण्यात आत गेलेल्या धक्क्यावरून) गळ टाकायला कॅलिफोर्नियात लायसन लागत नाही. एक पैसाही नाही. पॅसिफिकाचा पिअर यासाठी प्रसिद्ध आहे, पण वादळांच्या माराने अधूनमधून बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करून जा. तिथे सकाळी बघाल तर अर्धे लोक साठीच्या पुढचे. फिलिपिनो, व्हिएतनामी, चिनी आजोबा आपापली बादली आणि घडीची खुर्ची घेऊन कठड्याला लागून बसलेले असतात. त्यांच्यातले काही आधी तळ्यावर जायचे, झाडाखाली बाकावर बसून ट्राउट पकडायचे. तळ्यावर लायसन लागतं, आणि फ्रीमाँटच्या क्वारी लेक्ससारख्या ठिकाणी वर रोजचं परमिटही. म्हणून आता ते त्या बोचऱ्या वाऱ्यात येतात. वीस वर्षं तळ्यावर जाणारा माझा एक ओळखीचा गेल्या हिवाळ्यात दोन पायमोजे आणि कानटोपी घालून पिअरवर आला होता. गुडघे धरले म्हणून तासाभरात उठला. फीवाढीचा परिणाम म्हणतात तो माझ्यासाठी हा आहे.

तेव्हा बाबांना नेताना जाड जॅकेट न्या. लायसन नसलं तरी नियम सगळे लागू असतात: एका माणसाला दोनच रॉड, स्ट्राइप्ड बास हा मासा 18 इंचांपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात, आणि दिवसाला दोनच. डंजनेस खेकडा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पकडायला मनाई आहे, बाहेर समुद्रावर हंगामात चालतो. आणि पिअर सोडून वाळूवर किंवा खडकावर उतरून गळ टाकला की लायसन लागतंच. वॉर्डन येतात, तपासतात, आणि दंड लायसनच्या फीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

वर्षातले दोन दिवस, एक 4 जुलैच्या आणि एक लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुमारास, राज्यभर लायसनशिवाय मासेमारी करता येते. तळ्याची हौस त्या दिवशी भागवा. बाबांना तळंच आवडलं तर मात्र वार्षिक लायसन घेऊनच टाका. 2023 पासून ते घेतल्या दिवसापासून 365 दिवस चालतं, पूर्वीसारखं 31 डिसेंबरला संपत नाही. 62 वर्षांवरच्यांसाठी आजन्म लायसनही आहे, पण ते वार्षिक फीच्या दहा-अकरा पट पडतं. बाबा वर्षातले काही महिने मालवणला जाणार असतील तर मी ते सुचवणार नाही.

फी आणि सवलती राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने ठरतात, खात्याच्या खिडकीवर भांडून उपयोग नसतो. तुमच्या मतदारसंघाच्या असेंब्ली सदस्याच्या ऑफिसला चार ओळींचा ईमेल टाका: 65 वर्षांवरच्या रहिवाशांसाठी एसएसआयची अट नसलेलं, कमी पण पैसे भरून घ्यायचं लायसन हवं. नेवाडाचं उदाहरण द्या. मी टाकलाय.